घरच्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन: बॅटरीचं की पेट्रोलचं?

दारची_जुई (चेंबूर), २८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

पाऊस दाराशी येऊन ठेपलाय आणि मला दहा-बारा दिवसांत एक खरेदी उरकायची आहे, म्हणून हा धागा.

चेंबूरला आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे-मागे मिळून १,६०० चौरस फूट, म्हणजे जेमतेम दीड गुंठा हिरवळ. पुढे उन्हात हरळी, मागे आंब्याच्या सावलीत रुंद पानांचं गवत. बावीस वर्षं आमच्या माळीकाकांनी हे सगळं कात्री आणि विळ्यावर राखलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ते कायमचे गावी गेले. त्यांच्यानंतर जे कोणी येतात ते खांद्याला ब्रश कटर अडकवून येतात, वीस मिनिटांत सगळं भुंडं करतात आणि निघून जातात. मागच्या श्रावणात त्या कटरने उडवलेला खडा शेजारच्या काकूंच्या खिडकीवर बसला, काचेला तडा गेला. काकू तेव्हा त्याच खिडकीत वाल सोलत बसल्या होत्या. त्या दिवशी ठरवलं, आपलं गवत आपणच कापायचं.

मशीन ढकलणार मी (वय ५२) आणि रविवारी लेक. बाहेर प्लग एकच, पुढच्या ओट्यावर. दोन्ही बाजूंना पुनर्विकासातून आलेल्या सात-सात मजली इमारती, त्यामुळे आवाज भिंतींवर आपटून घुमतो. सासूबाईंना दमा आहे.

नागदेवीला आणि लोहार चाळीत चक्कर मारून आले. बॅटरीचं मशीन चार्जरसकट २५ ते ३५ हजार, पेट्रोलचं फोर-स्ट्रोक ३० ते ४५ हजार, वायरचं १२ हजारांपासून पुढे, असे भाव सांगितले. एक दुकानदार म्हणाले, "पावसाळ्यात बॅटरी दम सोडते, डोळे मिटून पेट्रोल घ्या." दुसऱ्यांनी नेमकं उलट सांगितलं.

मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. जुलैतल्या ओल्या, दाट गवतात बॅटरीचं मशीन चालतं का? आणि उरलेले आठ महिने कमी वापर असताना कोणतं मशीन नीट राहतं?

---

पाऊसवेडा (वसई), २८ मे, रात्री १०:१५

पेट्रोल. माझ्याकडे १६० सीसीचं फोर-स्ट्रोक आहे, अकरा वर्षं झाली. घराभोवती पाच गुंठे आहे. आठ दिवस झड लागून राहते आणि नवव्या दिवशी पोटरीएवढं गवत उभं असतं. अशा वेळी मशीन मध्येच थांबून चालत नाही. मेव्हण्याने बॅटरीचं आणलं होतं, तिसऱ्या ओळीत बंद पडलं. शेवटी माझं नेऊन त्याचं अंगण कापून दिलं.

---

नेरळवाट, २८ मे, रात्री १०:३२

पाऊसवेडा यांना +१. आमच्याकडे तर पावसात वीजच दोन-दोन दिवस नसते. चार्ज कशावर करणार?

---

निवृत्त_फिटर (मुलुंड), २९ मे, सकाळी ७:०५

जुईताई, कारखान्यात ३६ वर्षं फिटर होतो. आता घरी ओळखीपाळखीच्यांची मशीनं दुरुस्त करतो. दोन्ही प्रकारची उघडून पाहिली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या अंगणाचा हिशोब. १,६०० चौरस फूट म्हणजे साधारण १५० चौरस मीटर. ३७ सेंमी पात्याचं मशीन एका ओळीवर दुसरी ओळ थोडी चढवत नेलं, तर दर फेरीला ३० सेंमी नवं गवत कापतं. १५० ला ०.३० ने भागा: ५०० मीटर चालणं. वळणं, पिशवी रिकामी करणं धरून २५ मिनिटं. एवढंच काम आहे. पाऊसवेडांच्या पाच गुंठ्यांत ते तिपटीहून जास्त होतं, म्हणून त्यांचं उत्तर त्यांच्यापुरतं बरोबर आहे.

आता बॅटरी. खोक्यावरचा व्होल्टचा आकडा बघून भुलू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की वॅट-अवर येतात, आणि खरी ताकद तिथे कळते. शिवाय "४० व्होल्ट मॅक्स" लिहिलेली बॅटरी प्रत्यक्षात ३६ व्होल्टचीच असते, "२० मॅक्स" म्हणजे १८. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॅट-अवर. सुक्या, वेळेवर कापलेल्या गवतात मशीन सरासरी ३००-४०० वॅट ओढतं. म्हणजे एका बॅटरीत तुमचं अंगण काठावर पास. तेच जुलैत ओढ दुप्पट होते आणि बॅटरी बारा मिनिटांत बसते. म्हणून मुंबईत एक बॅटरी घेऊन भागत नाही, दोन लागतात. भाव विचारताना दोन बॅटऱ्यांचाच विचारा.

मशीन "बंद पडलं" म्हणतात त्याबद्दल. पेट्रोल इंजिनात गव्हर्नर असतो. गवत दाट लागून फेरे पडले की तो थ्रॉटल उघडतो, इंजिन जोर लावून पुढे जातं. बॅटरीच्या मशीनची ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटरही तसाच जास्त करंट ओढते, पण मर्यादा ओलांडली की आतलं सर्किट तिला थांबवतं. लोकांना वाटतं बिघाड झाला. बिघाड नसतो, बॅटरी आणि मोटर जळू नये म्हणून केलेली सोय असते. बटण सोडायचं, उंची एक खाच वर घ्यायची आणि अर्ध्या रुंदीने कापायचं. चालतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक मशीनं चालवून नाही, ठेवून बिघडलेली असतात. गेल्या पावसाळ्यात एक पेट्रोल मशीन आलं. जानेवारीपासून टाकीत अर्धं पेट्रोल ठेवून जिन्याखाली लावलेलं. कार्बोरेटरची वाटी उतरवली तर तळाशी पाण्याचे दोन थेंब मण्यांसारखे वेगळे लोळत होते, वाटीच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती आणि पितळी जेट उजेडात धरला तरी भोकातून काही दिसत नव्हतं. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं, वर उरतं ते पेट्रोल. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं. रोज चालणाऱ्या स्कूटरला त्रास नाही, कारण टाकी रिकामी होत राहते. महिनोनमहिने उभ्या मशीनला मात्र आहे. पेट्रोलचं घेतलंत तर ठेवण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करायचेच. शिवाय नव्या मशीनचं पहिलं ऑइल साधारण पाच तासांनी, पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं.

बॅटरीचंही पथ्य आहे. पूर्ण भरून ठेवायची नाही, पूर्ण उतरवून तर मुळीच नाही. अर्धी भरलेली, घरात, कपाटात. बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत नाही. गवत कापून आल्याआल्या चार्जरला लावायची नाही, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं.

खर्चाचं: तुमच्या अंगणाला प्रत्येक वेळी साधारण अर्धा लिटर पेट्रोल जाईल, म्हणजे ५० रुपये. बॅटरीला पाव युनिटसुद्धा लागत नाही, अडीच-तीन रुपये धरा. पण पाच-सहा वर्षांनी बॅटरी बदलायला आठ-दहा हजार लागतील, ते आजच मनात धरून ठेवा.

---

दारची_जुई, २९ मे, सकाळी ८:२०

काका, एवढं कोणीच समजावून सांगितलं नव्हतं. वॅट-अवर काढायचे हे दुकानात विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुन्हा जाईन तेव्हा आकडे लिहून आणते.

---

हरळी (दापोलीत शिकले, आता ठाण्यात), २९ मे, दुपारी १:१०

मशीनवर सगळे बोलताय, गवताबद्दल मी लिहिते.

आपल्याकडे हिरवळीची दोन वेगळी वर्षं असतात. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उष्णता, पाणी सगळं एकदम मिळतं आणि हरळी दर पाच-सहा दिवसांनी कापायला येते. नोव्हेंबरनंतर तीच हरळी दोन-तीन आठवड्यांनी कापली तरी चालते. परदेशी व्हिडिओंत वसंत ऋतूचं वेळापत्रक असतं, ते इथे लावू नका.

नियम एकच कडक पाळायचा: एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. सहा सेंमी वाढलं असेल तर चारवर आणा, दोनवर नाही. ब्रश कटरवाले "भुंडं" करतात म्हणालात ना, ते यामुळेच. हरळीचा हिरवा भाग वरच्या थरात असतो. तो उडवला की खालच्या पिवळ्या काड्या उघड्या पडतात आणि त्या मोकळ्या जागेत लव्हाळा येऊन बसतो. लव्हाळ्याची गाठ जमिनीखाली असते, वरून कितीही कापा, जात नाही.

आणि पावसात मशीन कधी फिरवायचं, तर वाफसा आल्यावर. शेतकऱ्याला जे कळतं तेच इथे. पाऊस थांबून तास-दोन तास झाले, जमीन पायाखाली दबते पण पाणी वर येत नाही, मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, तेव्हा. ओल्या जमिनीवर चाकं फिरवली की माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. पेट्रोलचं मशीन जड असतं, त्याचे चर जास्त खोल उमटतात. हलकं मशीन हा बॅटरीचा असा फायदा आहे जो खोक्यावर कोणी छापत नाही.

जुलैत उघडीप किती मिळते? कधी दोन तास. म्हणून माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर ताकदीत नाही, तयारीत आहे. उघडीप मिळाली की पाच मिनिटांत जे मशीन अंगणात उतरेल, त्याने गवत वेळेवर कापलं जाईल. वेळेवर कापलं तर ताकद लागतच नाही.

---

सचिव_बी_विंग (गोरेगाव), २९ मे, संध्याकाळी ६:४५

आवाजाबद्दल आमच्या सोसायटीचा अनुभव. बागेसाठी पेट्रोल मशीन होतं. तळमजल्यावर एक बाळंतीण आणि एक रात्रपाळीचे गृहस्थ. तीन तक्रारी लेखी आल्या. तेव्हा नियम वाचून काढले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती किमान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं, तिथे ५० आणि ४०. पेट्रोल मशीन ढकलणाऱ्याच्या कानाशी ९० च्या आसपास असतं. बॅटरीचं त्याहून बरंच खाली, आणि मुख्य म्हणजे त्यात सायलेन्सरचा तो फटफटाट नाही, नुसत्या पात्याची घरघर.

आम्ही दोन वर्षांपूर्वी बॅटरीचं घेतलं. वेळ ठरवून दिली, सकाळी साडेनऊ ते अकरा. तेव्हापासून एकही पत्र नाही.

---

पाऊसवेडा, २९ मे, रात्री ९:००

दीड गुंठा आहे हे मी घाईत नीट वाचलं नाही, ते मान्य. पण सचिवसाहेब, सोसायटीत सतत कोणीतरी माणूस असतो. एकट्या घरात चार दिवस तापाने पडलं, वरून पावसाची झड, की गवत वाट बघत नाही. अशा वेळी काय करायचं ते जुईताईंनी आधी ठरवावं.

---

माळ्याची_लेक (माटुंगा), २९ मे, रात्री ११:२०

एरवी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांनी ३० वर्षं दादर-माटुंग्याच्या बंगल्यांतून माळीकाम केलं. शेवटची दहा वर्षं टू-स्ट्रोक कटर खांद्यावर, दिवसाला पाच-सहा घरं. संध्याकाळी जेवायला बसले की आमटीची वाटी दोन्ही हातांनी धरायचे, कारण एका हाताने धरली तर सांडायची. बोटांना मुंग्या यायच्या, रात्री झोपेतून उठून हात झटकत बसायचे. आता डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढले तर कान जातात हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणत्याही घराने कधी कानाला लावायला काही दिलं नव्हतं.

दुकानात मशीन बघताना "किती सीसी, किती व्होल्ट" विचारतात. ते रोज हातात धरणार कोण, हे विचारत नाहीत. ताई, तुम्ही स्वतः ढकलणार आहात म्हणून सांगते, पेट्रोल मशीनचा दांडा पकडून पाच मिनिटं उभ्या राहा, मग बॅटरीचा पकडा. हातच सांगतील. आणि कोणतंही घ्या, कानाला मफ, डोळ्याला चष्मा, पायात पूर्ण बूट. पुढे कधी माळी ठेवलात तर त्याच्यासाठीही हे सगळं घरात असू द्या.

---

निवृत्त_फिटर, ३० मे, सकाळी ६:५०

लेकी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. तुझ्या वडिलांना नमस्कार सांग.

तिने बुटांचं सांगितलं त्यात आकड्याची भर घालतो. ३७ सेंमीचं पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक ताशी २०० किलोमीटरच्या वर असतं. काकूंच्या खिडकीपर्यंत खडा कसा गेला ते यावरून समजेल. कापायच्या आधी अंगण पायाखाली घालायचं: खडे, आंब्याच्या कोयी, तारा उचलायच्या. पात्याखाली हात घालायचा असेल तर बॅटरी बाहेर, किल्ली बाहेर. पेट्रोलमध्ये स्पार्क प्लगची टोपी काढायची. मशीन बंद आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, पातं हाताने फिरवलं तरी इंजिन एखादा ठोका घेऊ शकतं.

आणि पेट्रोलचं मशीन साफ करायला आडवं करताना एअर फिल्टरची बाजू नेहमी वर. उलटं केलंत तर ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं, मग सुरू केलं की पांढऱ्या धुराचा लोट निघतो. दम्याच्या माणसाच्या घरात हे होऊ देऊ नका.

---

पहिलाच_प्रतिसाद (डोंबिवली), ३० मे, सकाळी १०:००

वायरचं मशीन कोणीच सुचवत नाही? स्वस्त, हलकं, चार्ज संपायची चिंता नाही.

---

सचिव_बी_विंग, ३० मे, सकाळी १०:२५

सुक्या महिन्यांत उत्तम आहे. पण पावसाळ्यात ओल्या गवतातून २३० व्होल्टची वायर ओढत न्यायची माझी हिंमत नाही. आमच्या एका रहिवाशांनी त्यांच्या गावच्या घरी वळताना वायर कापली. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच तुटणारा स्विच) बसवलेला होता, त्याने तिथल्या तिथे वीज तोडली म्हणून निभावलं. जुईताईंकडे एकच प्लग आणि तोही पुढे, मागच्या अंगणापर्यंत वायर घराला वळसा घालून न्यावी लागेल. नको.

---

गिरणगावकर (लालबाग), ३० मे, दुपारी ४:१५

बॅटरी आणि पेट्रोलच्या आधी जे होतं त्याचीही आठवण ठेवा. हाताने ढकलायचं रीळवालं मशीन. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यांना ते सुचलं कापडाच्या गिरणीत, कापडावरची लव कातरून सारखी करणारं यंत्र बघून. माझे वडील गिरणीत प्रोसेसिंग खात्यात होते. कापड कातरायच्या यंत्राची फिरती पाती आणि खालची पट्टी मी लहानपणी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिली आहे. पुढे हातमशीन पाहिलं तेव्हा ओळख लगेच पटली.

हे मशीन कात्रीसारखं कापतं, फिरत्या आडव्या पात्यासारखं झोडपत नाही. क्रिकेटच्या मैदानांवर अजून याच पद्धतीची यंत्रं चालतात. दीड गुंठ्याला, दर पाच दिवसांनी कापणार असाल तर हेसुद्धा पुरतं. आवाज कात्रीएवढा. फक्त उंच वाढलेल्या गवतावरून ते घसरत जातं, गवत आडवं पडतं, कापत नाही. शिस्त मोडली की उपयोग नाही.

---

दारची_जुई, ३० मे, रात्री १०:०५

गिरणगावकर, वाचून फार बरं वाटलं. सासऱ्यांचं एक जुनं हातमशीन माळ्यावर आहे, गंजलेलं. उद्या काढून बघते.

हरळीताईंची "उघडीप मिळाली की पाच मिनिटांत" ही गोष्ट मनात बसलीय. मी सकाळी स्वयंपाक आणि सासूबाईंची औषधं यांच्या मधल्या वेळात कापणार. त्या वेळी कॅन, ऑइल, दोरी ओढणं, चोक, हे होणार नाही. शिवाय घरात पेट्रोल साठवायला आमच्याकडे स्वयंपाकघरापासून लांब अशी जागाच नाही. पण पाऊसवेडांचा प्रश्न खरा आहे. चार दिवस हातून गेलं तर काय?

---

पाऊसवेडा, ३० मे, रात्री १०:४०

तर मग मशीनची उंची सगळ्यात वर ठेवून एक हात, आणि दोन दिवसांनी खाली घेऊन दुसरा. आणि तरीही नाही झालं तर एकदा ब्रश कटरवाल्याला बोलवा, पण जाळीचा आडोसा लावून आणि स्वतः समोर उभ्या राहून. त्यात कमीपणा नाही.

---

हरळी, ३१ मे, सकाळी ९:३०

अगदी बरोबर. दोन हातांत उतरवलं तर एक तृतीयांशाचा नियमही पाळला जातो.

---

दारची_जुई, १२ जून, रात्री ८:५०

घेतलं. ३६ व्होल्ट, ब्रशलेस मोटर, ३७ सेंमी पातं, ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, एक चार्जर. ३३,८०० पडले. वजन १४ किलो, मी एकटी दोन पायऱ्या उतरवून नेऊ शकते. त्याच बॅटरीवर चालणारी दुसरी अवजारं आहेत का तेही विचारलं, कुंपण छाटायचं मशीन आहे.

आधी दांडा धरून बघितला, माळ्याची_लेक. दोन्ही मशीनचा. तुमचे शब्द आठवले.

---

दारची_जुई, १९ जुलै, दुपारी १२:३०

खरी परीक्षा या आठवड्यात झाली. ८ तारखेपासून पाऊस थांबलाच नाही. अकरा दिवसांनी आज सकाळी साडेआठला ऊन आलं. दहाला माती मुठीत दाबून पाहिली, गोळा झाला, हात कोरडा. मशीन बाहेर काढलं.

पुढची हरळी दहा सेंमीच्या वर गेली होती. सवयीने उंची चारवर ठेवली आणि दुसऱ्याच ओळीत मोटर थांबली. क्षणभर पोटात गोळा आला. मग उंची सगळ्यात वर नेली, अर्ध्या पात्याने कापत गेले. परत थांबलं नाही. पहिली बॅटरी १४ मिनिटांत संपली, पुढचं अंगण होऊन मागचं थोडं झालं होतं. दुसरीने बाकीचं पूर्ण केलं आणि एक कांडी उरली. परवा उंची कमी करून दुसरा हात देणार.

बॅटरी काढून मशीन आडवं केलं तर खाली अंगठ्याएवढा जाड हिरवा लगदा बसला होता, दाबून बसवलेल्या पालेभाजीसारखा. जुन्या लाकडी कालथ्याने खरवडला, ओल्या फडक्याने पुसलं. पाण्याचा पाइप लावला नाही. गवत पिशवीत गोळा केलं आणि खताच्या पिंपात वाळक्या पानांबरोबर थर लावून टाकलं, हरळीताई, बरोबर ना?

शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, केव्हा सुरू केलंस? मला कळलंच नाही."

---

हरळी, १९ जुलै, दुपारी २:००

अगदी बरोबर. सुक्या महिन्यांत बारीक कातरण तिथेच पडू दिलं तर गवताला नत्र परत मिळतं, पण पावसात त्याचे ओले गोळे बसतात आणि खाली बुरशी धरते. वाळकी पानं भरपूर घाला, नाहीतर पिंपाला वास येईल.

---

निवृत्त_फिटर, १९ जुलै, संध्याकाळी ५:१५

लगदा दर वेळी काढायचा. तो राहिला तर पुढच्या वेळी मोटर त्याच्याशीच झुंजत बसते आणि बॅटरी फुकट जाते.

एक काम अजून. उद्या सकाळी कापलेल्या गवताचं टोक जवळून बघा आणि काय दिसतं ते लिहा.

---

दारची_जुई, २० जुलै, सकाळी ७:४०

बघितलं, भिंग घेऊन. टोकं सरळ कापलेली, कडेला पाण्याचा थेंब. गेल्या वर्षी ब्रश कटरनंतर टोकं पांढरी, दोऱ्यासारखी पिंजलेली असायची आणि दोन दिवसांनी सगळं अंगण तपकिरी दिसायचं. तेव्हा मला वाटायचं खत कमी पडतंय.

---

निवृत्त_फिटर, २० जुलै, सकाळी ८:१०

म्हणजे पात्याला धार आहे. टोकं पिंजायला लागली की धार गेली समजायचं, मग मशीन कुठलंही असो. पातं काढून कानशीने मूळ उतारालाच धार काढायची, दोन्ही बाजूंना सारखी. मग भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने टांगायचं. एक बाजू खाली गेली तर तिकडून अजून थोडं घासायचं. तोल नसलेलं पातं मोटरचं बेअरिंग खातं.

---

माळ्याची_लेक, २० जुलै, रात्री १०:५०

ताई, बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. कानशीचं ऐकून म्हणाले, पावसाळ्यात आठवड्याआड एक हात मारायचा, आणि घासताना एकाच दिशेने, पुढे-मागे नाही.

---

पहिलाच_प्रतिसाद, ४ ऑक्टोबर, सकाळी ११:००

धागा वाचून काढला. आमच्याकडे आठशे चौरस फूट आहे. जुईताई, पावसाळा संपला, आता सांगा. दुसऱ्या बॅटरीशिवाय भागलं असतं का? आणि जुनी बॅटरी निकामी झाली की करायचं काय?

---

दारची_जुई, ४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

वहीत लिहून ठेवलंय म्हणून नेमकं सांगते. जून ते सप्टेंबर १९ वेळा कापलं. त्यात ११ वेळा एका बॅटरीत झालं, ८ वेळा दुसरी लागली, आणि त्या आठपैकी सहा जुलैतल्या. ब्रश कटरवाल्याला एकदाही बोलवावं लागलं नाही, पण ऑगस्टमध्ये मला ताप होता तेव्हा लेकाने दोन हातांत उतरवलं, पाऊसवेडांनी सांगितलं तसंच. तुमच्या आठशे फुटांना एक पुरेल, उघडीप हातची सोडली नाहीत तर.

बॅटरी निकामी झाली तर कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. घेतानाच दुकानात विचारा परत कुठे द्यायची, आणि बिलावर लिहून घ्या. मी घेतलंय.

सासऱ्यांचं हातमशीनही फिटरकाकांनी मुलुंडला नेऊन चालू करून दिलं. पाती घासून, खालची पट्टी जुळवून. आता थंडीत गवत सावकाश वाढेल तेव्हा पुढच्या अंगणात तेच चालवणार. बॅटऱ्या दोन्ही अर्ध्यावर आणून कपाटात ठेवल्या आहेत, डिसेंबरमध्ये एकदा तपासायच्या म्हणून कालनिर्णयवर खूण केली आहे.